टँकरच्या दिवशी धुलाईचा तास

जिल्हा नवा झाला, तेव्हा मी लातूरजवळच्या एका गावात गृहशास्त्र शिकवत होते. पूर्वी उस्मानाबादहून तपासणीला साहेब वर्षातून एकदा यायचे. आता लातूर जवळ, म्हणून केव्हाही. पाऊस मात्र येत नव्हता.

सातवीचं धुलाईचं प्रात्यक्षिक राहिलं होतं. रुमाल भिजवायचा, साबण लावायचा, तीन पाण्यांत खळबळायचा, मग नीळ, मग खळ. मी नांदेडची, गोदावरीकाठी वाढलेली. इथे लोक बाजेवर बसून आंघोळ करत आणि खाली परातीत साठलेलं पाणी धुण्याला घेत. टँकर मंगळवारी दुपारी यायचा, म्हणून मी प्रात्यक्षिक मंगळवारी दुपारी ठेवलं, साहेबांनाही कळवलं. सगळं चोख.

त्या दुपारी वर्गात एकही मुलगी नव्हती. पाणी येणार म्हणजे मुली रांगेत जाणार, एवढंच मी हिशेबात धरलं नव्हतं.

मी रांगेकडे गेले. एका मुलीची मला जास्त काळजी होती. या विषयात नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या आईने बजावलं होतं. आई तिथेच उभी होती, कडेवर तान्हं पोर.

"सोडा तिला तासभर," मी म्हणाले.

"घरी बी धुणंच, शाळंत बी धुणंच. घागर कोन न्हेनार?"

"मी नेते."

"नांदेडला नळ असतेत म्हनं, बाई. जमंल का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "जमंल की. पगार हाय त्यांना."

बायका हसल्या. मुलगी पळाली. ते पाहून बाकीच्यांनीही आपापल्या पोरी सोडल्या आणि घागरी माझ्यासमोर आणून ठेवल्या. मी पहिली घागर खांद्यावर घेतली.

शेवटची घागर पोचवून शाळेत आले, तर साहेब निघून गेले होते. वहीत शेरा होता: मुली कामात तयार. शिक्षिका वर्गात नाहीत. रुमाल दोरीवर वाळत होते. सगळ्यांनी मिळून एकाच बादलीत धुतले होते. तीन पाणी कुणी घेतलंच नव्हतं. साहेबांच्या ते लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

मुलगी पास झाली. निकालाच्या दिवशी आई शाळेत आली.

"आठवीला घालते, बाई. पन मंगळवारचं पानी तुमी बगा."

आठवीची शाळा दोन कोसांवर होती. खांदा अजून दुखत होता. मंगळवारची मधली सुट्टी मी त्या घागरीला देऊन टाकली.