दहाही खुंट्या चिखलातच कशा?

मंडळी, वनस्पतिशास्त्र शिकून मिळालेली माझी ही पहिली नोकरी. आज एन्नोरच्या खाडीवर, भराव टाकण्याआधीच्या पाहणीसाठी, खुंट्या ठोकलेल्या दहा जागी कुठली झाडं आहेत ते लिहायचं होतं.

दहाही जागी नुसता चिखल. वीस पावलांवर मात्र तिवरांची दाट झाडी. मला तिथेच खटकलं.

"जागा कॉम्प्युटरने निवडल्यात," सोबत आलेले आमच्या ऑफिसचे सर म्हणाले. "झाडं शून्य लिही आणि सही कर."

काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एक कोळीण अक्का मला हळूच तमिळमध्ये म्हणाल्या, "काल हेच साहेब झाडं चुकवत खुंट्या ठोकत होते."

माझ्या सहीनंतर त्या तिवरांवरही भराव पडणार. मी म्हटलं, पेन चालत नाहीये.

तुम्ही काय केलं असतं? उद्या सर स्वतःचं पेन आणणार आहेत.