बिननावाच्या चिठ्ठ्या

बारामतीत संगणकाचा कोर्स करून मी स्वतःला भलताच शहाणा समजत होतो, त्या नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका गावात डेअरीचा प्रोग्रॅम करायला मिळाला. सोमवारी सकाळी तो चालू करायचा होता. हातात आठ दिवस आणि कामं दोन महिन्यांची! म्हणून मी ज्याला जे हवं ते एकेका चिठ्ठीवर लिहून मागितलं आणि संचालकांना म्हटलं, "सगळ्यात गरजेचं वर ठेवा, बाकीचं खालोखाल लावा."

चिठ्ठ्या घडी करून, वर नाव घालून आल्या. संचालकांनी एकही घडी उघडली नाही. लग्नात आहेर करावा तशा मानाप्रमाणे लावल्या. चेअरमन आबांची पहिली, मग व्हाईस चेअरमनची. दूध मोजून घेणाऱ्या बाईंची सगळ्यात खाली.

या बाई सहा वर्षं खिडकीत बसत होत्या. सगळ्या सभासदांचे नंबर त्यांना तोंडपाठ. पण सोमवारी रांग तुंबली तर त्यांच्या जागी इंदापूरचा एक संगणकाचा कोर्सवाला बसवायचं ठरलं होतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये दर वेळी प्रत्येकाचं नाव इंग्रजीत टाइप करता करता त्यांचा जीव गेला असता. माझ्यामुळे बाईंची खुर्ची जाणार, याची मला फार शरम वाटली.

मी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात, नावं गाळून पुन्हा लिहिल्या. आता तरी कामाकडे बघतील! आबा भिगवणला लग्नाला गेले होते. बाकीच्यांपुढे चिठ्ठ्या पसरल्या, तर मंडळी कामं बघायची सोडून आबांची चिठ्ठी कोणती ते शोधायला लागली. मी कपाळाला हात लावला.

एकीवर होतं, 'नंबर दाबला की नाव आपसूक आलं पायजे. बाकीचं मागनं बघा.'

"हीच आबांची!" व्हाईस चेअरमन म्हणाले. "असं ठणकावून सांगायची छाती दुसऱ्या कुनाची हाय?"

ती सर्वानुमते वर गेली. चिठ्ठी बाईंची होती. मी बाकीच्या चटकन तिच्याखाली लावून टाकल्या.

संध्याकाळी आबा परतले, तर सगळे त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक करायला लागले. आबांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे रोखून बघितलं, मग मिशीवरून हात फिरवला. "मग! मी उगंच चेअरमन हाय व्हय?"

पुढचे सगळे दिवस मी तेवढं एकच काम केलं.

सोमवारी बाई नंबर दाबत होत्या, नावं येत होती, रांग सरकत होती. कोर्सवाला भिंतीला टेकून चहा पीत होता. आबा आपली दुधाची किटली घेऊन खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "ती चिठ्ठी तुझी व्हती न्हवं?"

बाईंनी मान वर केली नाही. "न्हाय आबा, तुमचीच. आता फुडं सरका, मागं मानसं खोळंबल्यात."

आबा सरकले.