दर वेळी तेच आठ आकडे

तो सोमवार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. नावे कोणाचीच देणार नाही. माणसे हयात आहेत, आणि कोल्हापूर काही एवढे मोठे नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला, तोच ठाणे अंमलदाराने जयसिंगपूरच्या एका बाईंना आत आणले. बाई शिवणकाम करणाऱ्या. शहरालगत एका गृहनिर्माण संस्थेने आठ भूखंडांची सोडत काढली होती. क्रमांक घातलेले तीनशेच अर्ज छापलेले, आणि रविवारी भर सभागृहात संगणकाने त्यातले आठ क्रमांक निवडले होते. बाईंनी मापांची वही माझ्यापुढे आपटली.

"शनवारी सकाळी मी अर्ज द्यायला गेलते. पडद्यावर हे आठ नंबर हुते. मला वाटलं निकालच लागला, म्हणून उतरून घेतले. काल परत तेच लागलेत. ही सोडत हाय व्हय, साहेब?"

मी आकडे ताडून पाहिले. आठच्या आठ जुळत होते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला बोलावले. मुलगी शहरातल्याच एका मुस्लिम कुटुंबातली. रबरी शिक्के बनवणारे तिचे वडील बाहेर बाकड्यावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माझा संशय पक्का होता आणि माझा आवाजही तसाच होता. "कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"कुणाच्याच नाही, सर. नंबर मशीननंच काढलेत की."

पंचांसमक्ष तिला प्रोग्रॅम चालवायला लावला. तेच आठ आकडे. बंद करून पुन्हा चालवला, तर पुन्हा तेच. मुलीने कपाळाला हात लावला.

"माझी चूक झाली, सर. सीड द्यायचं राहिलं."

तिने समजावले ते असे. आकडे काढायचे तयार फंक्शन असते. ते चिठ्ठी उचलत नाही, एका आकड्यावरून पुढचा आकडा हिशेबाने काढते. सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, आपण वेगळा दिला नाही, तर ते दर वेळी एकाच ठिकाणाहून सुरू होते. मी मनात म्हटले, पत्ते पिसायचेच राहिले होते.

म्हणजे मुलीची चूक होती, लबाडी नव्हती. पण त्या चुकीचा फायदा कोणी घेतला का, हे पाहायचे राहिले. मी अर्जवाटपाची नोंदवही मागवली. अर्ज क्रमाने दिलेले. शनिवारी दुपारी मात्र दोनशे सत्तरनंतर दोनशे अठ्ठ्याऐंशीची नोंद होती, मग पुन्हा दोनशे एकाहत्तर. दोनशे अठ्ठ्याऐंशीला भूखंड लागला होता. तो अर्ज संस्थेच्याच कारकुनाचा होता.

साठीला टेकलेला माणूस. मी वही त्याच्यासमोर उघडी ठेवली आणि गप्प बसलो. सराईत गुन्हेगार शांततेत तासभर बसू शकतो. साध्या माणसाला ती सोसत नाही.

"शनवारी सकाळी सोडतीची तालीम तीनदा केली, साहेब. तिन्हीदा तेच नंबर आले. त्या पोरीच्या ध्यानात आलं न्हाय, माझ्या आलं. मी बोललो न्हाय. गठ्ठ्यात त्यातला एकच अर्ज उरला हुता, तो घेतला."

"मग नोंद खरी का केली? शेवटी लिहिली असती तर कोणाला कळले असते?"

"खोटी नोंद कशी करायची, साहेब? तीस वर्षांत केली न्हाय."

माझा हवालदार हसला. मला हसू आले नाही.

"अकरा घरं बदलली," तो पुढे म्हणाला. "बायकोच्या आईचा फोटो लग्नापासनं ट्रंकेत हाय. भिंतीला खिळा मारला की मालक कावतोय. ती म्हणती, एक भिंत तरी आपली असू दे की."

जवळजवळ याच शब्दांत माझी बायको बोलायची. प्रत्येक बदलीला ती पोलीस क्वार्टरमधले सामान खोक्यांत भरायची, आणि मी म्हणायचो, निवृत्तीनंतर बघू. मी त्याला चहा मागवला. मग जबाब लिहून घेतला आणि गुन्हा दाखल केला. त्याचा अर्ज बाद झाला. त्याची बायको डबा घेऊन ठाण्यात आली, तेव्हा मी आतल्या खोलीत निघून गेलो. एवढ्या नोकरीत तोंड चुकवल्याचे मला ते एकच आठवते.

सोडत पुन्हा झाली. या वेळी मुलीने पहिल्या रांगेतल्या लोकांना एकेक आकडा ओरडायला सांगितला आणि त्यातून सीड बनवले. शिवणकामाच्या बाईंना तेव्हाही भूखंड मिळाला नाही. "न्हाय तर न्हाय," त्या मला म्हणाल्या. "आता निदान नशिबाला तरी बोल लावता येतोय."

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. गुन्हा पकडायला मी आधीच शिकलो होतो. एखाद्या साध्या गोष्टीची ओढ सरळ माणसाला कुठवर नेते, ते तिथे पाहिले. आणि आपल्या माणसाची अशी ओढ 'नंतर बघू' म्हणून ढकलू नये, हेही शिकलो, पण उशिरा.

निवृत्तीनंतर मी घर बांधले. गृहप्रवेशाआधीच बायको गेली. तिची फार आठवण येते. भिंती आता माझ्या आहेत, खिळा मारला तर कावणारे कोणी नाही. तिचा फोटो अजून कपाटाला टेकवून ठेवला आहे. कुठे लावायचा, हे तिने सांगायचे होते.