छातीवर आडवे येणारे हात

परवा बीडला पोलीस भरतीचं ग्राउंड दिलं... वयाच्या अटीमुळे माझा हा शेवटचा चान्स. गेल्या वेळी आठशे मीटरमध्येच मार्क गेले होते.

तसा पायांत दम होता. रोज पहाटे कपिलधारच्या रस्त्यावर पळायचे. पण शेवटी शेवटी खांदे दगडासारखे व्हायचे आणि श्वास पुरायचा नाही.

सोबत शबाना असते. तिच्या अब्बांचं गॅरेज आहे, तीही भरतीचीच तयारी करतेय. मध्यंतरी एकदा ती मुद्दाम माझ्या मागून पळाली. थांबल्यावर म्हणाली, "अगं, तुजे हात कावून छातीवर येतेत? तू पळती का अंग झाकती?"

खरंच होतं ते. सातवी-आठवीपासून लोकांच्या नजरा चुकवत पळाले, तेव्हापासून हात आपोआप समोर आडवे यायचे. टी-शर्ट कितीही ढगळ घातला तरी!

मग ठरवलं, आधी हात सुधारायचे. कोपर वाकलेलं, मूठ सैल, खांदे खाली. जोर फक्त हात मागे न्यायला लावायचा, पुढे ते आपोआप येतात... ओट्यापाशी उभी राहूनही मी हात हलवायचे. आई म्हणायची, "अंगात आलंय का गं?"

पहिले काही दिवस फार अवघड गेले. चहाची टपरी आली की हात पुन्हा छातीवर... शबाना मागून ओरडायची, "मागं ओढ! बगू दे त्यान्ला!"

परवा आठशे मीटरला ग्राउंडच्या कंपाउंडबाहेर बघ्यांची ही गर्दी! अर्ध्याच्या पुढे पाय जड झाले आणि हात परत आत वळायला लागले. इथं हरायचं नाही, असं स्वतःलाच बजावलं आणि दोन्ही कोपरं जोरात मागे खेचली. हातांनी वेग धरला तसा पायांनीही धरला... पुढच्या दोघींना मागे टाकलं. बाहेरून कोण बघत होतं, मला आठवतही नाही.

या वेळी मार्क चांगले पडलेत. लेखी बाकी आहे, अभ्यास जोरात चालू आहे.

इतकी वर्षं पळताना अर्धी ताकद मी स्वतःला लपवण्यात घालवली... आता नाही.

शबानाचं ग्राउंड उद्या आहे. तिच्यासाठी दुआ करा.