पोत्याच्या तोंडाशी

भानुदास गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बदनापूर स्टेशनवर चार जणांना त्याचीच नक्कल करून दाखवत होतो. परखी, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, पोत्याच्या पोटात खुपसायची, तळाचे दाणे तळहातावर घ्यायचे आणि भुवई अशी चढवायची की व्यापाऱ्याला घाम फुटावा... भुवई चढलेलीच होती. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, बाबा गेले. हार्टचं झालं."

जुन्या जालन्यात तो धान्याची दलाली करायचा. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल भरतात, म्हणून वरच्या दाण्याकडे बघायचाही नाही. आणि हाच माणूस शुगर तपासायच्या आधी चार दिवस चहा फिका, भात बंद, दुकानापर्यंत पायी! रिपोर्ट झकास आला की आम्ही दोघं थेट जिलेबीवर. दोघं, कारण माझीही शुगर त्याच्याएवढीच जुनी.

गेल्या वर्षी तो बसल्याबसल्या हवेत हात मारायला लागला. चिलटं आहेत म्हणे. आम्हाला एकही दिसेना. मी त्याचीही नक्कल केली, सगळी पेढी हसली, तोही हसला.

शेवटी मीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. थेंब घालून त्यांनी आत पाहिलं, मग शुगर किती वर्षं, बीपीची गोळी रोज घेता का, तंबाखू कधीपासून, असं एकेक विचारत गेल्या. डोळ्याच्या पडद्याच्या नसा फुटून आत रक्त उतरलं होतं; तीच त्याची चिलटं.

"पण मला तर बराबर दिसून राह्यलं," भानुदास म्हणाला.

"दिसतं तोवरच यायचं असतं. हे दुखत नाही हो."

बाहेर उन्हात तो मिचमिचत माझा खांदा धरून उभा राहिला. रिपोर्ट तर चांगले होते, मी पुटपुटलो.

"गड्या, आपण तोंडाशी माल भरला. बाईनं परखी तळात घातली. मंग तू कधी घालून घेतो?"

मी हसण्यावारी नेलं. लेझर करूनही त्याचा एकच डोळा वाचला.

तेराव्याला मुलानं ती परखी मला दिली. गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलीय. रोज सकाळी एकेक डोळा मिटून तिचं टोक बघतो. काल टोकावर चिलट दिसलं. फुंकर मारली... उडालं नाही. नजर वळवली, तसं तेही वळलं.

उद्याची वेळ घेतलीय. डोळेही आणि रक्तही. या खेपेला आधी काहीच बंद केलेलं नाही.