डक्टचा शेवटचा तुकडा

भिलाईजवळ हथखोजच्या आमच्या शेडमध्ये डक्ट बनत, म्हणजे थंड हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी नळ. बनवणारे मात्र घामाने निथळत. शेडमध्ये पहिला एसी आला तो माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे, आणि मालक दारातूनच देवळात डोकावल्यासारखं बघत. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. दुर्गला एक कोर्स करून मी त्या गार खोलीत बसायला लागले होते, आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

बाबाही त्याच शेडमध्ये होते. भिलाईच्या पोलाद प्लँटमधून रिटायर झाल्यावर त्यांनी घरी बसून आईला इतकं पिडलं, की तिनंच त्यांना पुन्हा कामाला पिटाळलं. त्यांचं काम ठरलेलं. डक्टचे सगळे तुकडे शेडमध्ये कापले जात, फक्त शेवटचा सोडून. तो बाबा साईटवर, उरलेली जागा मोजून कापायचे. कारण भिंती काही नकाशाप्रमाणे उभ्या राहत नाहीत. इकडे बोटभर, तिकडे बोटभर, आणि सगळा फरक शेवटी गोळा होतो. त्या फरकावर बाबांची नोकरी होती.

माझं सॉफ्टवेअर आख्खी लाईन एकदम मांडायचं. मापं भरली की वळणाचा तुकडा पडद्यावर उलगडून सपाट दिसायचा, कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, सगळं. बाबा मागे उभे राहून बघत.

"ते सारं ठीक हाये," ते म्हणत, "पण भिंतीनं नकाशा वाचला का वं?"

मी चिडायचे. म्हणून दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या एका नव्या नर्सिंग होमचं काम आलं, तेव्हा मी स्वतः जाऊन प्लास्टर झालेल्या भिंती, बीम, सगळं टेपनं मोजून आले. टेप ताणून धरायची, एकच माप दोनदा घ्यायचं, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

मालकांनी माझा नकाशा पाहिला. "इस बार आखिरी पीस भी यहीं कटेगा," ते म्हणाले. "बैठ गया तो साईट पे नापने वाला आदमी बंद. नहीं बैठा तो कंप्यूटर वापस." बाबा शेजारीच उभे होते. मालक मनानं वाईट नव्हते, पण बोलून गेले.

स्मृति नगरच्या आमच्या घरी रात्री जेवताना हा विषय निघाला. आई म्हणाली, "गुरूची विद्या गुरूले फळली म्हणा." बाबा हसले. मी आईवर भडकले, "मंग काय मी मुद्दाम चुकीचं माप देऊ?"

"कावून?" बाबा म्हणाले. "बरोबर दे. चुकीचं देशीन तर मले राग येईन."

तुकडा लावायच्या दिवशी बाबा नेहमीसारखी कातर पिशवीत घालून आले. शिडी मी धरली. मालक खाली, कमरेवर हात ठेवून. बाबांनी तुकडा वर सरकवला आणि त्यांचं डोकं छताजवळच्या अंधारात गेलं. बसू दे, असं मला वाटत होतं, आणि त्याच दमात वाटत होतं, नको. वरचं फक्त बाबांनाच दिसत होतं. दोन सूत कमी पडतं, एवढं ते म्हणाले असते, तर तपासायला कोण चढणार होतं? मालकांना तर शिडीची भीती. म्हणा ना बाबा, मी मनात म्हणत होते. म्हणा.

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. एकेक बोल्ट नुसत्या हातानं आत गेला.

"बैठ गया, सेठ," वरून खणखणीत आवाज आला. "चारों तरफ से. अब नापने वाला मत भेजना, कसने वाला भेजना. और ये लड़की को छोड़ना मत."

मालक खूश होऊन चहा सांगायला बाहेर गेले. आता मापायला बाबांची गरज नाही, हे इतके दिवस माझ्या तोंडून निघत नव्हतं, ते बाबांनी स्वतःच बोलून टाकलं होतं, वर माझी शिफारस जोडून. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मी शिडीला कपाळ टेकवून रडले.

"काय झालं वं?" बाबा वरून म्हणाले. "बसला ना बरोबर! शिडी नीट धर, मले उतराचं हाये."