उघडिपीचे आठ दिवस

ललिता चिडली की अंजूरच्या तिच्या आळीतली कुत्रीसुद्धा वाट बदलतात, असं लोक गमतीनं म्हणतात. गंमत कसली? पंधरा वर्षं पूर्णा गावातल्या गोदामात दहा बायांची टोळी चालवायची तर जिभेला धार लागतेच. टोळी दहाची असेल तरच गेटातून आत. नऊ आल्या तर नऊच्या नऊ घरी परत. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही.

त्या गोदामाची आणखी एक रीत. जूनमध्ये पाऊस लागला की आतली गरम हवा बाहेर टाकणाऱ्या, छपरावरच्या गरगर फिरणाऱ्या पंख्यांना प्लास्टिक बांधून टाकायचं, कारण तिरक्या सरींनी खोकी भिजतात. ते प्लास्टिक सुटणार थेट दसऱ्याला. माल कोरडा राहिला पाहिजे, मग आत माणसं शिजून निघेनात का! पाऊस कोसळत असतो तोवर हे निभतं. यंदा जुलैच्या मध्यावर तो थांबला.

थांबणार हे ललिताला आधीच कळलं होतं. तिची मुलगी पूर्वा भिवंडीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि हवामान हे तिचं वेड. रविवारी भाकऱ्या थापणाऱ्या आईपुढं तिनं मोबाइल धरला. नकाशावर हिरवे-तांबडे पट्टे होते.

"आई, उद्यापासनं आठ दिवस उघडीप हाय. विषुववृत्ताजवळनं ढगांची मोठी लाट पूर्वेला सरकत असते, महिना-दीड महिन्यानं परत येते. लाट डोक्यावर असली की हवा वर चढते. जमिनीची, समुद्राची गरमी वाफेसंगती आभाळात उंच नेते. तिथं ढग होतात, गरमी वरच सुटते, पाऊस पडतो. आता ती लाट पुढं गेली. तिच्या मागं हवा वरनं खाली दबते. ढग धरत न्हाईत, ऊन पडतं, ओल तशीच ऱ्हाते. गरमी वर न्यायला कोणीच न्हाय."

"म्हंजे भांड्यावर झाकण."

"आणि तुमच्या गोदामाला दुसरं झाकण. काशीमावशीला नेऊ नको हां. तिला बीपीची गोळी चालू हाय, त्यात गरमी सोसत न्हाय."

काशी शेजारची, पन्नाशी उलटलेली, टोळीतली सगळ्यात जुनी बाई. ललिता हूं म्हणाली.

सोमवारी तिनं पोरीचा अंदाज ऐकवून मॅनेजरला प्लास्टिक सोडायला सांगितलं. तो एसीच्या केबिनमध्ये बसून हसला. "बाई, पावसाळ्यात कसली गरमी? एक सर आली तर माल कोण सुकवणार, तुमची पोरगी?" ललिताचं डोकं सणकलं. पण ती भांडली नाही, मुकाट कामाला लागली. हीच तिची चूक, आणि एवढ्यावर ती थांबली नाही.

बुधवारी सकाळी काशी दारात बसून म्हणाली, "आज न्हाय येत गं. डोकं जड हाय."

दहावी बाई आयत्या वेळी कुठून आणायची? ललिता तिच्यावरच खेकसली. "तुझ्यापायी नऊ जणी घरी बसतील. ऊठ!" आणि काशी उठली.

दुपारी दोन वाजता ती खोक्यांच्या थप्पीपाशी कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. बायांनी तिला ओढत बाहेर सावलीत आणलं, पिंपातलं पाणी अंगावर ओतलं. फोर्कलिफ्ट चालवणारा बाबू रिक्षा आणायला धावला. मॅनेजर दारात येऊन म्हणाला, "घरनंच आजारी आली असेल." हे ऐकलं आणि ललितानं खोकी कापायचं कटर उचललं, भिंतीची लोखंडी शिडी चढली आणि तापलेल्या पत्र्यावर पाय भाजत एकेका पंख्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं. खालून तो ओरडत होता, कामावरून काढतो म्हणत होता. वरून तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. आत उरलेल्या माणसांना निदान श्वास घेता आला.

काशी वाचली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं डोळे नीट उघडले, ललिताचा हात धरला आणि नर्सबाईंना सांगितलं, "हिच्यामुळं जगले मी. देवमाणूस हाय."

ललिताला ते सहन होईना. मॅनेजरवर ओरडणं सोपं होतं. तिथं शब्द शोधावे लागत नव्हते.

"देव-बिव म्हणू नको मला," ती एकदम ओरडली, तशी शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. "मला ठाऊक होतं, काशी. पूर्वानं रविवारीच सांगितलेलं, काशीमावशीला नेऊ नको म्हणून. तुझं नाव घेऊन सांगितलेलं. तरी मी तुला उठवलं."

काशीनं आपला हात सोडवून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.